पहिला कट आज्जांचा

मित्रांनो, माझे टोपण केव्हाच हरवले आहे. पाठीवरची अक्षरे घासून गेली आहेत आणि गळ्यात दोरीऐवजी जांभळ्या कापडाची चिंधी बांधलेली आहे. म्हैसूरजवळ हूटगळ्ळीत एक शिंप्याचे घर आहे. तिथल्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिन आणि हुकांच्या गर्दीत राहणारा मी एक जुना पेनड्राइव्ह. माझ्या डोळ्यांसमोर एक गोष्ट घडली आणि मी नुसता बघत राहिलो. तिचा धक्का मला अजून पचलेला नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला ठाऊक नाही. प्लास्टिकच्या पाकिटात गुदमरून बसलो होतो, तिथपासूनचे आठवते. कमलाक्षीबाईंनी मला विकत आणले, कारण त्यांना शिवताना भजने ऐकायची होती. मी स्पीकरच्या पाठीत बसून दिवसभर गात असे. गिऱ्हाइके म्हणत, एवढ्याशा कांडीत एवढी गाणी मावतात तरी कशी. कौतुक ऐकले की मला फार बरे वाटे. मी तसा थोडा गर्विष्ठच आहे.

या घरात तीन माणसे. विठ्ठलराव म्हणजे सगळ्यांचे आज्जा, ज्यांनी जन्मभर दुकान चालवले. कमलाक्षीबाई त्यांच्या सूनबाई. नवरा वारल्यापासून मशीन त्याच चालवतात. आणि त्यांची मुलगी पूजिता, कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. पण घरातली खरी मिळकत होती आज्जांची पेपर कटिंगे. ज्याचे शरीर चारचौघांसारखे नाही, त्याच्या मापाचा कागद आज्जा स्वतः आखून, कापून ठेवत. तो कागद कापडावर ठेवला की झाले.

त्यातले एक कटिंग बन्नूरच्या भवानीबाईंचे होते. त्यांचा एक खांदा जन्मापासून वर चढलेला. लहानपणी माप घेताना कुणी तरी हसले होते, तेव्हापासून माप द्यायचे म्हटले की त्यांच्या जिवावर यायचे. आज्जांनी त्यांचे माप एकदाच घेतले आणि शब्द दिला की पुन्हा कधी उभे राहावे लागणार नाही. त्या बसने येत, कापड ठेवत, चहा घेत आणि पदर खांद्यावर घट्ट धरून परत जात. ब्लाउज मात्र दर वेळी अंगाला अगदी बरोबर बसे.

जुने दुकान सोडून हे लोक हूटगळ्ळीच्या छोट्या घरात आले, तेव्हा कटिंगांची पोती ठेवायला जागा नव्हती. पूजिताने एकेका कागदाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढले आणि लॅपटॉपच्या विंडोजमध्ये ठेवले. कागद रद्दीत गेले. खबरदारी म्हणून फोटोंची एक प्रत तिने माझ्यातही उतरवली. भजनांच्या शेजारी भवानीबाईंचा खांदा येऊन बसला, तेव्हा मला मोठी जबाबदारी मिळाल्यासारखे वाटले.

मग विंडोजची मुदत संपत आल्याची बातमी आली. लॅपटॉप जुना, नवे विंडोज त्याला झेपणार नव्हते. शिवाय पूजिताला कॉलेजसाठी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखेच पण फुकट मिळणारे, हवे होते. पण फोटोवरून कटिंग खऱ्या मापात छापणारा प्रोग्राम विंडोजवरच चाले, म्हणून विंडोज तसेच ठेवून त्याच्या शेजारी लिनक्स बसवायचे ठरले. येलवालला राहणारा तिचा चुलतभाऊ सुदीप म्हणाला की लिनक्स एक नसते, अनेक असतात, आणि आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते. घरात पेनड्राइव्ह एकच. मी.

मित्रांनो, त्या दुपारी मला पहिला धक्का बसला. पडद्यावर सूचना आली की या पेनड्राइव्हमधले सर्व काही पुसले जाईल. मला वाटले, आता ही थांबेल. पूजिताने मान वाकडी करून ती वाचली, लॅपटॉपमध्ये मूळ फोटो आहेतच असे स्वतःशी म्हणाली आणि 'हो' दाबले. माझी भजने गेली, कटिंगे गेली.

त्यानंतर माझ्यावर एकेक लिनक्स चढवून लॅपटॉपला घालून बघितले गेले. आज्जा खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी त्याला ट्रायलच म्हटले, अर्धवट शिवलेला कपडा अंगावर घालून बघतात तशी. पहिले फार जड निघाले, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. दुसऱ्याला घरातले वायफाय दिसेना. तिसरे लिनक्स मिंट. ते हलके होते, बरे दिसत होते आणि कमलाक्षीबाईंनासुद्धा त्यातली बटणे सापडली. डिस्कवर जागा किती द्यायची हे पूजिता दाखवू लागली, तेव्हा आज्जांनी विंडोजकडे जरा जास्त माया सोडायला सांगितली, शिवणीसाठी कापड सोडतात तशी. सगळे हसले. मीही खूश होतो.

दिवस ठरला विजयादशमीचा. आदल्या दिवशी आयुधपूजेत कात्र्या आणि मशीनबरोबर लॅपटॉपला कुंकू लागले होते, मलाही एक टिकली मिळाली होती. आता या घराची एक रीत आहे. कापडाच्या नव्या ठाणाला पहिली कात्री आज्जांची. ते कात्रीला बोटे लावतात, बोटे डोळ्यांना लावतात आणि मगच कापतात. पूजिताने सगळी तयारी केली. पडद्यावर दोन पर्याय होते. वरचा, विंडोजच्या शेजारी बसवा. खालचा, सगळी डिस्क पुसून बसवा. तिने वरच्यावर टिपका ठेवला, नीट तपासला आणि लॅपटॉप आज्जांकडे वळवला.

"आज्जा, पहिला कट तुमचा."

आज्जा सावरून बसले. कमलाक्षीबाईंनी हात जोडून डोळे मिटले. पूजिताने आईकडे बघून तेच केले. आज्जांनी वाकून कळांखालच्या गुळगुळीत चौकोनाला बोटे लावली, जशी कात्रीला लावतात तशी, आणि ती डोळ्यांना लावली. त्या चौकोनावर बोट टेकले की ते बटण दाबल्यासारखे असते. बोटांबरोबर पडद्यावरचा बाण खाली घसरला होता. टिपका वरून उडाला आणि खालच्या ओळीवर जाऊन बसला.

मी बघितला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी घर डोक्यावर घेतले असते. पूजिताने डोळे उघडले, आज्जांचे बोट धरले आणि 'पुढे' दाबून घेतले. नक्की का, असे विचारणारी चौकट आली. हे विचारतच असते, असे म्हणून तिने तीही पुढे ढकलली. मग हुकूम माझ्याकडे आला. सगळे पुसा. मी अंगात होते ते ओतत राहिलो आणि माझ्या शेजारी भवानीबाईंचा खांदा दुसऱ्यांदा नाहीसा झाला. घरात पेढे वाटत होते.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो थेट मिंटमध्ये. विंडोज की लिनक्स असे त्याने विचारलेच नाही. पूजिता आधी हसत शोधत होती, मग हसणे थांबले. सुदीपला फोन गेला, तो गाडी काढून आला आणि बराच वेळ खटपट करत बसला. हाताला लागले ते फोटोंचे काही फाटके तुकडे, अर्धी पट्टी, कुणाची तरी बाही. शेवटी तो म्हणाला, "पूजी, हे शेजारी बसलंच नाही. विंडोज पुसून त्याच्या जागेवर बसलंय."

कमलाक्षीबाईंनी हळूच विचारले, निळ्या पेन्सिलीने आखलेले एक कटिंग होते, ते तरी सापडेल का. सुदीपने नाही म्हणून मान हलवली. त्या उठल्या आणि पेढ्यांचे ताट आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी पूजिताने मला परत लॅपटॉपला लावले. ती त्याच पानावर गेली, वरच्या ओळीवर टिपका ठेवला आणि आज्जांसारखी बोटे टेकवली. टिपका उडाला. तिने तोंडावर हात धरला. मला वाटले, आता ही सांगेल. आईने काय चुकले म्हणून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मीच चुकीचं दाबलं." मग जी बोलणी बसायची ती तिला बसली, आणि ती खाली मान घालून ऐकत राहिली. मी थक्क झालो. एवढी मोठी गोष्ट ही मुलगी एकटीच गिळत होती.

भवानीबाई पुढच्याच आठवड्यात आल्या. पुतणीचे लग्न होते, हातात हिरवे रेशीम होते. कापड ठेवून त्या चहाची वाट बघत बसल्या. पूजिता पुढे झाली आणि तिने सांगून टाकले की कटिंग गेले, चूक तिची. भवानीबाईंचा हात आपोआप खांद्यावरच्या पदराकडे गेला.

तेव्हा आज्जा बोलले. "इल्ला, नाही बाई. पोरगी मला झाकते. बोट माझं होतं. तो टिपका उडाला, मी बघितला. मला वाटलं, ह्या मशीनचं असंच असतंय." त्यांनी हात जोडले. "तुम्हाला शब्द दिला होता मी."

पूजिता रडायला लागली. तिला वाटत होते की आज्जांना काही कळलेच नाही. आज्जांना पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि नात आपल्यासाठी बोलणी खाते आहे हे बघत ते तोंड उघडायचे धैर्य गोळा करत होते.

भवानीबाई उठल्या आणि त्यांनी पदर खांद्यावरून काढला.

"होगली बिडी, जाऊ द्या, विठ्ठलराव. घे गं कमलाक्षी माप. हा खांदा नीट घे."

कमलाक्षीबाईंनी टेप घेतली. आज्जांनी भिंतीकडे तोंड करून आकडे उतरवले. कुणी हसले नाही. भवानीबाई ताठ उभ्या होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

मित्रांनो, आता त्यांचे कटिंग माझ्यात आहे, एक प्रत सुदीपकडे आहे आणि कागद मशीनवरच्या खिळ्याला टांगला आहे. तुम्हाला माझी एवढीच विनवणी आहे. नवे जरूर बसवा, लिनक्स बसवा, आणखी काही बसवा. पण जुने जे आहे ते आधी दोन ठिकाणी ठेवा, आणि नमस्कार झाल्यावर डोळे उघडून पडदा पुन्हा एकदा वाचा. जी माणसे आहेत, ती मन मोठे करून पुन्हा मापाला उभी राहतात. निळ्या पेन्सिलीचे ते कटिंग पूजिताच्या वडिलांच्या शर्टाचे होते. त्यांचे माप आता कुणाला घेता येणार नाही.