लानहेबिनच्या चर्चची चौदा पानं

लानहेबिनच्या चर्चचा इतिहास टेक्विन प्रॉसरने चौदा पानांत लिहिला आणि आमच्या साप्ताहिकात छापायला मला आणून दिला. सहाव्या शतकातला संत, त्याने काठी आपटून काढलेला झरा, सगळं होतं. संत होऊन गेल्याचा पुरावा एवढाच, की गावाला त्याचं नाव आहे. भाविक उरले होते नऊ. बाकीचं गाव ओढ्यापलीकडच्या, वेगळ्या पंथाच्या चॅपलमध्ये जायचं आणि मेल्यावरच पुरायला इकडे यायचं.

बिशपच्या कचेरीने चर्च बंद करायचं ठरवलं होतं. जपण्याजोगं जुनं काही असेल तर दाखवा, मग विचार करू, असं त्यांनी कळवलं. टेक्विन चर्चचा विश्वस्त. पुढचा बाक पाच पिढ्या प्रॉसरांचा. तो गेला की आपण नुसते गाईमेंढ्यांचे धनी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

जुनं होतं की. वेदीपुढची पाचशे वर्षांची कोरीव ओकची जाळी. शंभर वर्षांपूर्वी डागडुजी निघाली तेव्हा टेक्विनच्या पणजोबांनी ती उचलून गोठ्यात गव्हाणीला ठोकली. गावात प्रत्येकाने ती पाहिली आहे. बोलत कोणी नाही, कारण एकाकडे बाप्तिस्म्याच्या कुंडात डुकरं पाणी पितात आणि आमच्याही पायरीला थडग्याचा दगड आहे. चौदा पानांत जाळीवर एकच ओळ होती: इंग्रज शिपायांनी जाळली.

बिशपच्या कचेरीचा तपासनीस आला त्या दिवशी चर्चमध्ये चहा आणि केक ठेवला होता; मीही हजर होतो. खांबांतल्या खोबणी पाहून त्याने विचारलं, इथली जाळी कुठे गेली? सगळे आपापल्या कपात बघू लागले. टेक्विनने शिपाई सांगितले.

त्याची थोरली बहीण मॉरविथ चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिने त्याला दाराशी ओढलं. "सांगून टाक रे. गाई काय, साध्या फळ्यांच्या गव्हाणीतही खातील."

"आणि पणजोबा चोर ठरले तर?"

"ठरायचे राहिलेत कुठे? गावभर माहीत आहे."

"गावाला माहीत असणं वेगळं, ताई. कागदावर येणं वेगळं."

ती ऑर्गनपाशी परत जाऊन बसली. शेवटी तीही प्रॉसरच. मीही केक खात राहिलो. तपासनिसाने लिहिलं, जपण्याजोगं काही नाही.

शेवटच्या प्रार्थनेला चॅपलवालेसुद्धा आले. चार सुरांत गाणं झालं, डोळे पुसून झाले. टेक्विन पुढच्या बाकावरून सगळ्यांत मोठ्याने रडला आणि दुपारी स्वतःच्या हाताने बिशपच्या कचेरीत किल्ली देऊन आला.

चौदा पानं मी जशीच्या तशी छापली. अंक दोन दिवसांत संपला.