खिळ्याभोवतीचं टेंगूळ

माझे सासरे एकेकाळी करवत ओढायचे. पलीकडचा डोंगर बोडका झाला त्यात त्यांच्या दंडांचाही वाटा होता, आणि तिथला झरा आटला तेव्हा पहिली रिकामी घागर आमच्याच घरी परत आली. हे ते कुणापासून लपवत नाहीत. "देव दयाळू," म्हणतात, "करवत काढून घेतली, पण हात ठेवले."

त्या हातांत आता मोजायची टेप असते. जंगल वाढतं तसा हवेतला कार्बन खोडांत साठत जातो. तो मोजायचा, त्याची क्रेडिटं, म्हणजे साठलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं, दूरच्या कंपन्या विकत घेतात, आणि त्या पैशावर ओढ्याकाठचं सदाहरित रान उभं राहतं. वर्षाला मोजकीच झाडं तोडायची, बी देणाऱ्या थोराड झाडांना हात लावायचा नाही. सासरे खोडाला टेप गुंडाळतात, मी वहीत आकडा लिहिते. तीनशे बारा झाडं, प्रत्येकाला खिळ्यानं ठोकलेला पत्र्याचा नंबर.

पाच वर्षांनी बाहेरून तपासनीस बाई आल्या. त्या पास म्हणाल्या तरच करार पुढे चालणार. नाहीतर ओढ्याची बाजू लाकडाच्या ठेकेदाराला देऊ, असं गावाच्या वनसमितीच्या अध्यक्षांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आता उरलेला एकुलता एक झरा त्याच बाजूला आहे.

बाईंनी चिठ्ठ्या टाकून दहा झाडं निवडली आणि स्वतः मोजायला घेतली. पहिलं जुळलं. दुसरं जुळलं. नऊच्या नऊ झाडं अगदी मिलिमीटरला जुळली.

"आजोबा, हात आहे की यंत्र?" बाई म्हणाल्या.

सासरे फुलून गेले. अध्यक्ष तर असे मिरवू लागले, जणू झाडं त्यांनीच वाढवली. दहावं झाडही जुळलं. बाईंनी पेन काढलं. सासऱ्यांनी त्या झाडाला शाबासकी द्यावी तसा खोडावर तळवा ठेवला, आणि तळवा तिथेच थांबला. खिळ्यावरून फिरला. पुन्हा फिरला.

"बाई, थांबा. हे माप खोटं आहे."

मी त्यांची बाही ओढली. "बाबा, आता कशाला?"

"आजोबांना उन्हाचा त्रास झालाय," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "बसवा त्यांना."

"ऊन कुठंय इथं? पानांतून आभाळ दिसेना, आणि ऊन म्हणे!" सासरे बाईंकडे वळले. "तुमच्या कागदात लिहिलं होतं, खिळा मापाच्या रेषेपासून वीतभर वर ठोका. मी म्हटलं, कुणाची वीत लहान, कुणाची मोठी, टेप हलायची. म्हणून खिळा रेषेवरच ठोकला. सगळ्या झाडांना. आता बघा, हात लावून बघा. खिळा टोचला म्हणून झाडानं तिथं टेंगूळ आणलंय, आणि मी त्या टेंगळावरून टेप फिरवतोय. झाडाची जखम मी त्याची वाढ म्हणून लिहून घेतली."

बाईंनी खोड चाचपलं. कुणाला दिसलं होतं? कुणालाच नाही. सासरे गप्प राहिले असते तर सही झालीच होती. माझ्या डोळ्यांपुढे झरा आला आणि खरं सांगते, मला त्यांचा राग आला.

"सगळी मोजावी लागतील," शेवटी बाई म्हणाल्या. "टेंगळाच्या वर, खोड नितळ असेल तिथं. उंचीचा फरक मी हिशेबात धरीन. माझी गाडी परवा सकाळी आहे."

"बाई, तीनशे बारा झाडं!" मी म्हणाले.

"मग बोलत काय उभ्या आहात? वही घ्या."

दोन दिवस आम्ही रानातच होतो. बाईंनी पायांच्या जळवा आमच्यासारख्याच मीठ लावून काढल्या. दुसऱ्या दिवशी अध्यक्षही आले, तोंड फुगवून, पण टेपचं दुसरं टोक धरायला. दुपारपर्यंत फुगलेलं तोंड उतरलं आणि ते झाडांचे नंबर मोठ्यानं, जवळजवळ गाऊनच सांगू लागले.

वाढ आम्ही लिहिली होती त्याच्या जेमतेम निम्मी भरली.

"कमी आहे," बाई म्हणाल्या, "पण आहे. रान वाढतंय. पास."

निघताना त्या सासऱ्यांसमोर थांबल्या. "चूक माझ्याही हातून सुटली होती, आजोबा. पाच वर्षांनी टेंगूळ आणखी मोठं झालं असतं आणि ते दुसऱ्या कुणी पकडलं असतं, तर रानही गेलं असतं आणि तुमचा शब्दही. तुम्ही मलाही वाचवलंत."

"मी कसला वाचवतोय? झाडानंच सांगितलं," सासरे म्हणाले. "माझा हात तेवढा तिथं होता."

संध्याकाळी मी जुने आकडे खोडायला बसले. त्यांनी वही धरली. "खोडू नकोस, पोरी. राहू दे. शेजारी खरे लिही, आणि खाली लिही, खिळा चुकीचा ठोकणारा मी."

मी तसंच लिहिलं. मग त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, पहिल्या दिवशीच्या रागाबद्दल. "अगं, मला काय," ते म्हणाले, "त्या दहाव्या झाडाला कर नमस्कार." सकाळी पाण्याला जाताना केला. आणि येताना, डोक्यावर भरलेली घागर असल्यामुळे वाकता येईना, म्हणून नुसता हात लावला, त्या टेंगळालाच.