आधी चाखलेलं पाणी

माझ्या नाकावर राग असतो, हे सगळं गाव सांगेल. चिडले की माझे गाल फुगतात म्हणून दादा मला लहानपणापासून फुगी म्हणायचा. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, अंगात रक्षकाचा गणवेश आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतानासुद्धा दारातून हाक यायची, "फुगे, डबा विसरलीस!" रस्त्यावरची माणसं हसायची आणि माझे गाल आणखी फुगायचे.

मी ज्या तलावाची राखण करत होते, तो माझ्याआधी एकतीस वर्षं दादाकडे होता. तेव्हा तिथे कुंपण नव्हतं आणि कॅमेरेही नव्हते. तलावाचं पाणी काठावरच्या एका लहान विहिरीत उतरतं आणि तिथून पंपाने नळांना जातं. पंप सुरू करण्याआधी दादा रोज सकाळी विहिरीत बादली सोडायचा. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन घोळवायचा, गिळायचा आणि पंधरा मिनिटं पायरीवर बसून राहायचा. आपल्याला काही झालं नाही, की पंप सुरू. "लोकांच्या पोटात घालायचं ते आधी आपल्या पोटात," एवढंच त्याचं म्हणणं. हा नियम कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता.

मग कुठेतरी लांब, कोणीतरी पिण्याच्या तलावात विष टाकलं अशी बातमी आली. खरी की खोटी, देव जाणे. पण वरच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. महिन्याभरात तलावाभोवती दोन माणूस उंचीची जाळी आली, वर काटेरी तार, चार कॅमेरे, एक भोंगा आणि नोंदवही. फाटकाबाहेर वाटसरूंसाठी एक नळ होता, तोही सुरक्षेसाठी बंद केला. पंप आपोआप साडेसहाला चालू होऊ लागला. दादाचं वय झालंच होतं, त्याला घरी पाठवलं. फाटकावर माणूस हवा होता आणि आमचं घर समोरच, म्हणून मला ठेवलं. विहिरीच्या पाण्याला रक्षकाने हातही लावायचा नाही, हा माझ्या कागदावरचा पहिला नियम.

घरी आल्यापासून दादाने पाणी सोडलं. सोडलं म्हणजे, पेला समोर ठेवला की विचारायचा, "चाखलं कोणी?" कोणी नाही म्हटलं की पेला बाजूला. जेवताना दोन घोट, तेही मी डोळे वटारल्यावर. वहिनी असती तर तिने गोडीगुलाबीने पाजलं असतं. माझ्याकडे गोडी कमी आणि तोंड जास्त. डॉक्टरीणबाईंनी त्याची रक्ततपासणी पाहून मला बाजूला घेतलं. "मूत्रपिंडं थकली आहेत. पाणी नाही प्यायले तर हातचे जातील."

मी दोनदा त्याला गुपचूप आत सोडलं. त्याने चाखलं आणि घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी कॅमेऱ्यातला फोटो टेबलावर ठेवला. "भाऊ असो की कोणी असो. पुन्हा हा आत दिसला, तर तुम्ही बाहेर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी नेहमीसारखी चहाला घरी आले, नुकतंच आलेलं नळाचं पाणी पेल्यात भरलं आणि म्हटलं, "पी. आज मी चाखलंय."

"तू?"

"मग काय शेजारीण? विहिरीवर मीच तर असते."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला पहिला नंबर मिळाला होता. आणि प्यायला. त्यानंतर पाच महिने रोज सातला मी तेच खोटं बोलले. त्याच्या पायांची सूज उतरली. खोटं बोलून माणूस जगत असेल तर बोलावं, असं मला वाटायचं.

कॅमेऱ्यासमोर गवत वाढलं म्हणून एक दिवस ठेकेदाराची दोन माणसं तणनाशक मारायला आली. मी त्यांची ओळखपत्रं दोनदा पाहिली, नावं लिहिली, सह्या घेतल्या आणि आत सोडलं. माझी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून होती. धोका रस्त्यावरून येणार होता ना! मी डोळ्यांत तेल घालून रस्ता पाहत होते, आणि माझ्या पाठीमागे त्यांनी काम संपल्यावर फवारणीचा पंप आणि डबे विहिरीच्या कठड्यावर धुतले. दुसरीकडे कुठे धुणार? बाहेरचा नळ बंद होता. डब्यात उरलेलंही आत गेलं. हे सगळं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"फुगे, पाणी बरं नाही. कडू आहे."

"गोळ्यांनी तोंड कडू झालंय तुझं."

"तू चाखलंस तेव्हा लागलं नाही?"

"नाही."

तो पेल्यात पाहत राहिला. "खरंच चाखलंस ना?"

तिथे माझा भडका उडाला. खरं बोलणाऱ्याला एवढा राग येत नाही. "आता मी खोटारडी का? अख्खी ओंजळ प्यायले मी! पी मुकाट्याने. माझी शपथ आहे तुला."

"तू म्हणतेस तर माझीच जीभ गेली असेल," तो म्हणाला. एका दमात प्यायला आणि मला दिसावं म्हणून पेला उलटा करून दाखवला. मी आदल्या दिवशीच्या हंड्यातल्या पाण्याचा चहा घेतला आणि कामावर गेले.

नऊपर्यंत चाळीस घरांत उलट्या सुरू झाल्या. बाकीचे संध्याकाळपर्यंत सावरले. दादाच्या मूत्रपिंडांत सावरण्याइतकं काही उरलं नव्हतं. साहेबांनी माझी नोंदवही तपासली आणि शेरा लिहिला, 'अनधिकृत व्यक्तीचा प्रवेश नाही.' डबे सापडल्यावर लोक म्हणाले, कुंपणानेच शेत खाल्लं. म्हणायला लोकांचं काय जातं?

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दादा शुद्धीवर आला. डॉक्टरीणबाई सुई घेऊन आल्या तर याने हात मागे घेतला.

"आधी हिला तपासा. हिने माझ्या आधी प्यायलंय."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हीही? तीन दिवस बोलला नाहीत? किती प्यायलात?"

"अख्खी ओंजळ," दादाच म्हणाला. "हिला त्रास होत असेल तरी ही सांगणार नाही. हट्टी आहे. हिचं होईपर्यंत मी हात देणार नाही."

मी तोंड उघडलं आणि बाही वर केली. बाईंनी माझं रक्त घेतलं, मग त्याचं. दुपारी माझा अहवाल आला. सगळं ठणठणीत. दादाने डोळे मिटून मोठा सुस्कारा सोडला.

"सुटलीस बाई. माझ्या जिवाला तोच घोर होता." मग थोड्या वेळाने, "चूक माझीच. तुझ्या हाती पाणी दिलं, पण चाखायला शिकवलंच नाही. तुला कडू लागलंच नाही, त्यात तुझा काय दोष?"

"दादा..."

"गप. तो पेला घे."

मी उशाजवळचा पेला घेतला.

"लगेच गिळायचं नाही. आधी जिभेच्या टोकावर. मग कडेला. मग मागे ने आणि थांब. कडू मागे कळतं, तेही उशिरा. घाई करायची नाही."

मी त्याच्यासमोर घोट घेतला. त्याने सांगितलं तसा फिरवला. तो माझ्या तोंडाकडे, परीक्षेत पोराकडे पाहावं तसा पाहत होता.

"काय लागलं?"

"काहीच नाही."

"बरोबर," तो म्हणाला. "चांगलं पाणी असंच लागतं. आता पुन्हा."

त्याने मला सहा वेळा करायला लावलं. मध्ये धाप लागली की थांबायचा, पुन्हा सांगायचा. दिवे लागेपर्यंत आमचं तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

भेटायला आलेल्यांना मी सांगितलं की त्याच्याशी शेवटचं मनातलं बोलायचं राहून गेलं. तेही खोटंच होतं. अख्खी दुपार माझ्या हातात होती आणि तो शुद्धीवर होता. मी त्याला सांगितलं नाही.