कुंपणालगतची हानामिझुकी

“हानामिझुकी? कुंपणाशी… चोत्तो…” नयनाच्या हातातलं फुलझाडाचं रोप बघून एवढं बोलून शेजारच्या मोरीसान हसल्या आणि थांबल्या होत्या. तिला जपानीच्या क्लासात शिकवलं होतं, चोत्तो म्हणजे जरासं. तिला वाटलं, पाणी जरासंच घाल म्हणताहेत.

जेवताना नवऱ्याने, श्यामने तिला वेड्यात काढलं. “अगं, चोत्तो म्हणजे नको. आमच्याकडे क्लायंट चोत्तो म्हणाला की प्रोजेक्ट गेलाच समज.”

“म्हातारी बाई आहे रे ती, तुझा क्लायंट नाही.”

जपानात, त्सुकुबात घर घेतल्यावरचं ते पहिलं झाड. मुळं वरवरच पसरतात म्हणून नयनाने बुंध्याशी सालींचा थर दिला. उन्हाने पानांच्या कडा करपल्या की तिचाच जीव कासावीस व्हायचा. चौथ्या उन्हाळ्यात फांद्या कुंपण ओलांडून गेल्या, आणि पानांखाली हिरवे काटेरी सुरवंट धरले. नुसता हात लागला तरी शॉक बसल्यासारखं व्हायचं. तीन वर्षांच्या लेकीला, चैत्रालीला तिने झाडाखाली फिरकू दिलं नाही. पलीकडे गेलेल्या फांद्या मात्र तिच्या मनातही आल्या नाहीत. मोरीसान एकट्या राहत. तक्रार करायला त्या कधी आल्या नाहीत. स्टुलावर चढून आपल्या बाजूचं कापायच्या, जुड्या बांधून कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवायच्या. या वयात काय ती हौस, असं नयना कौतुकाने म्हणायची.

त्या दुपारी कुंपणाच्या फटीला डोळा लावून चैत्राली म्हणाली, “ओबाचान नेन्ने.” आजी झोपलीय.

“झोपू दे. आवाज नको करूस.” नयना कपडे वाळत घालत होती. तिने चिमटा लावला आणि हात तिथेच राहिला. या उन्हात? अंगणात?

फटीतून आडवं पडलेलं स्टूल दिसलं, गवतात कात्री, आणि गांध्या उठलेलं मनगट. सुरवंट डसला, तोल गेला. किती वेळ झाला असेल? अँब्युलन्स बोलावताना फोनवर तिला जपानी शब्दच सापडेनात. पोरीला काखोटीला मारून ती वळसा घालून धावली, ओल्या टॉवेलने मोरीसानचं कपाळ झाकलं. डोळे न उघडता त्या पुटपुटल्या, “सुमिमासेन.” माफ करा.

अँब्युलन्स घेऊन गेली. आपण नात्यातले नाही, म्हणून कोणी काही सांगत नाही. पलीकडच्या खिडकीत अजून दिवा लागलेला नाही. नयना पोरीला कुशीत धरून तिकडेच बघत बसते, आणि भेटेल त्याला एकच सांगते. तुम्हालाही सांगते: तुमच्या शेजारी कोणी एकटं राहत असेल तर हे वाचणं राहू द्या, आधी जाऊन या. हाक मारा. ओ येईपर्यंत दारातून हलू नका.