अकरा दिवस उभी गाडी

मालन वाव्हळेला जिंतूरच्या एका सहकारी गोदामात नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. गावोगाव जाणाऱ्या धान्याच्या गाड्यांना पास लिहून द्यायचा, हे तिचं काम. पास नसला तर गाडी गेटमधून हलत नसे.

ते १९७८ साल. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. चारठाण्याच्या पलीकडच्या एका गावात बौद्धवाडा जाळला. जे वाचले त्यांना दुकानदारानं मीठ देणं बंद केलं, गिरणीवाल्यानं दळण. त्या वाड्यासाठी ज्वारी मंजूर झाली. गाडी भरून, ताडपत्री बांधून तयार होती. ड्रायव्हर भुजंग खिडकीशी आला.

"मॅडम, म्या जातो. रस्त्याचं म्या बघून घेतो. तुमी फकस्त पास द्या."

मालननं व्यवस्थापक भगवानरावांकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता. आवाज बारीक करून म्हणाले, "गाडी पेटवली तर जिम्मेदारी कोणाची? आन् तुमी बी त्याच समाजाच्या. आपल्या लोकायसाठी गाडी काढली म्हणतील. नवी नोकरी हाय बाई. दोन दिवस दम धरा."

त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. पासबुक मालनच्या पुढ्यातच होतं. तिनं ते मिटलं.

"उद्या बघू, भुजंगभाऊ."

रस्ता मोकळा झाल्याचं कागदावर यायला अकरा दिवस लागले. तोवर गाडी आवारात उभी, वरून झड. ताडपत्री काढली तेव्हा पोत्यांच्या शिवणीतून ज्वारीचे पांढरे कोंब बाहेर आले होते. आंबूस, ओला वास सगळ्या आवारात पसरला. दुसरी ज्वारी भरून भुजंग गेला आणि संध्याकाळी परत आला. हातपाय धुता धुता म्हणाला, "तानुबाई नावाची एक म्हातारी गेली तिथं. आपल्या वाटचं नातवायला देत होती म्हणं. परवाच गेली."

तो एवढंच बोलला. पासाचं त्यानं पुन्हा कधीच काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं मालनला पुढं कित्येक वर्षं वाटत राहिलं.

तानुबाईला तिनं कधी पाहिलं नव्हतं. तरी भरलेली गाडी कुठल्याही कारणानं अडली, की गेटाबाहेर एक म्हातारी उभी दिसायची. अंगावर विटकं लुगडं, हातात रिकामी पिशवी. चेहऱ्याच्या जागी काहीच नसायचं. मालन धावत जाऊन गाडी सोडवायची. टायर पंक्चर असो, हमालांचा रुसवा असो, नाहीतर साहेबाची सही. ती स्वतः जॅक लावायला बसायची, सहीसाठी साहेबाच्या घरी जायची. गाडी सुटली की गेट मोकळं व्हायचं.

लोकांना ती हुशारी वाटली. हुशारी होतीच. पावसाळ्यात कोणत्या नदीनं कोणती गावं तुटतात हे तिनं ड्रायव्हरांना विचारून विचारून लिहून काढलं, आणि त्या गावांचं धान्य मृगाच्या आधीच पोचवायला सुरुवात केली. सहा वर्षांत ती गोदामपाल झाली. बाईच्या हाताखाली पोती उचलणार नाही म्हणणारे हमाल पुढं तिच्याच नावानं शपथा घ्यायला लागले. एक्क्याण्णव साली ती परभणीला जिल्हा सहकारी संघाची वाहतूक प्रमुख झाली. एवढ्या मोठ्या खुर्चीवर तिथं आधी कोणी बाई बसली नव्हती. मात्र टेबल तिनं गेटाकडच्या खिडकीला पाठ करून लावलं.

त्र्याण्णव साली गणपती गेले आणि पहाटे किल्लारीकडं भूकंप झाला. वरिष्ठ म्हणाले, लेखी आदेश येऊ द्या. मालननं दुपारच्या आत चौदा गाड्या स्वतःच्या सहीनं सोडल्या. पहिल्या गाडीवर भुजंग होता. केस पिकलेले. पास हातात घेऊन त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि गाडी सुरू केली.

पुढं तिचा सत्कार झाला. माईकवरून कोणीतरी विचारलं, बाई, हे तुम्ही कुठं शिकलात? तिच्या नाकात कोंबांचा वास भरला. ती खाली बसली.

जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. त्याच आठवड्यात ती एसटीनं त्या गावी गेली. वाड्यात निळे झेंडे लागले होते, पेढे वाटले जात होते. तानुबाईची सून सुलाबाई अंगणात तूर पाखडत होती. मालननं समोर बसून सगळं सांगितलं. गाडी, पास, अकरा दिवस.

सुलाबाईचं सूप थांबलं.

"गाडी येणार होती?"

"हो."

"आमाला म्हाईतच न्हवतं. आमी वाट बघितलीच न्हाई."

सुलाबाई तुरीकडं बघत म्हणाली, "सासू जाताना म्हणली, सुले, आपली कोणालाच आठवण न्हाई गं. म्या बी तेच धरून बसले आजवर. कोणाला म्हाईतच न्हवतं, मग कोणावर चिडायचं? आन् तुमी म्हणायल्या, म्हाईत होतं. गाडी भरलेली होती. आपलंच माणूस तिथं बसलेलं होतं."

"माफी मागायला आले, सुलाबाई."

"तुमी तुमचं वझं हलकं करायला आल्या." आवाज चढला नव्हता. "आता म्या काय करू याचं?"

बाहेर पोरं हलगी वाजवत गेली. सुलाबाई उठली आणि आत गेली. मालन बसून राहिली. दिवस कलला तरी आतून ती बाहेर आली नाही. शेवटी मालन उठली, सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि शेवटच्या गाडीसाठी फाट्याकडं चालू लागली.

त्यानंतर संघाच्या गेटाशी तिला ती म्हातारी कधी दिसली नाही. आता तिथं सुलाबाई असते. तिला चेहरा आहे.