तळाशी गाळ नसलेली टाकी

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. फरगाण्यातल्या एका कारखान्यामागे आडवी पडून असते. गंज बघून माझी कीव करू नका. आधी माझी लाज ऐका.

आमच्याकडे कापसाच्या पऱ्हाट्या आणि सरकीची टरफलं यायची. ॲसिड घालून वाफेवर शिजवली की त्यांच्यातली साखर रसात उतरायची. तो आंबटजहर रस माझ्यात येई. चुना कालवला की ॲसिड मरायचं, पांढरा गाळ तळाला बसायचा आणि वरचा रस शेजारच्या हौदात जायचा. त्या साखरेवर गुरांच्या खाद्यासाठी यीस्ट वाढे. हौदावर काम करणाऱ्या मुहय्यो ओपांनी, ओपा म्हणजे आमच्याकडची ताई, ते अठरा वर्षं पोटच्या पोरासारखं जपलं होतं.

एका वसंतात मोठे साहेब येणार असल्याची बातमी आली. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की रस्त्याकडेची तुतीची झाडं कमरेएवढी चुन्याने रंगवायची, ही रीतच. बाजारात चुना मिळेना. मग मुकादम तोशपुलात अका, म्हणजे तोशपुलातदादा, माझ्या वाटणीची पोती उचलू लागले.

ओपा आडव्या आल्या. "अका, झाडं नटवायला माझं यीस्ट मारताय होय?"

"एका घाण्याचा तर प्रश्न! आणि निम्मी पोती ठेवतोय की. तुम्ही आपल्या बायकांबरोबर रंगवायला जा बघू."

ओपांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि कुंचला घेऊन गेल्या. अकांनी एकही पोतं ठेवलं नाही. रस तसाच सोडायला सांगितला.

टाकी बिचारी काय करणार, असं मी मनाला समजावते. पण माझा व्हॉल्व्ह रोज अडायचा, चार हातोडे खाल्ल्याशिवाय हलायचा नाही. त्या दिवशी मेला एका बोटाने उघडला. याची मला आजही शरम वाटते.

सकाळी हौदात यीस्ट मरून पडलं होतं. साहेबांनी विचारलं, "इथे कोण असतं?"

"मुहय्यो," अका म्हणाले. चुन्याच्या पोत्यांचं नावही काढलं नाही.

मग साहेब माझ्यात डोकावले. "वा! टाकी असावी तर अशी. तळ बघा कसा लख्ख!" त्यांनी माझ्या गळ्यात बक्षिसाचा लाल झेंडा अडकवला.

ओपाही वाकून बघत होत्या. त्यांच्या बोटांना अजून चुना होता. त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, हिच्या तळाशी गाळ का नाही, तेवढं विचारा ना."

"ओपा, आता स्वच्छतेचीही तक्रार?" साहेब हसले. मग सगळेच हसले.

ओपांना अंगणात पऱ्हाट्या उतरवायला धाडलं. यीस्ट मारणारी बाई म्हणूनच त्या निवृत्त झाल्या. मी मात्र तो झेंडा सात वर्षं मिरवला.

मित्रांनो, भांडी जरूर घासा. पण लख्ख भांड्याला बक्षीस देताना शेजारी कुणी मान खाली घालून उभं असेल, तर त्या माणसाचं म्हणणं आधी ऐकून घ्या. माझ्यासमोर ते कुणीच ऐकलं नाही.