माझ्या नळ्यांत काथ्या

घाबरू नका मित्रांनो, आत काडतूस नाही. मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. जन्म विलायतेचा, मुक्काम पूर्णगडच्या हुसेन नाखवांच्या माजघरात, कातडी पेटीत, कुलपाआड. ही पेटी म्हणजे माझं माहेर, सासर आणि तुरुंग, सगळं एकच.

आम्ही जुळ्या बहिणी. एकाच कारागिराने घडवलेल्या, अक्रोडाचा दस्ता, पोलादावर पानाफुलांची नक्षी. तिच्यावर सोन्यात कोरलेला एकचा आकडा, माझ्यावर दोनचा. एका शिकारी साहेबाने आम्हाला बनवून घेतलं आणि १९२१ साली रत्नागिरीला आणलं. काय ते दिवस होते! सकाळी खाडीकाठी बदकं, दुपारी साफसफाई, तेलपाणी. साहेब दुसऱ्याला हात लावू देत नसे. बदलीचा हुकूम आला तेव्हा मात्र त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. आम्हाला भिकाजीपंत वकिलांना विकून तो बोटीत बसला.

पंतांना शिकारीची हौस दांडगी, नेम मात्र भलताच! त्यांनी बार काढला की पाखरं झाडावर बसूनच बघत. पण माणूस प्रेमळ होता हो. ते गेले आणि त्यांच्या मुलांनी भांडी वाटावीत तशा आम्हा बहिणी वाटून घेतल्या. ती थोरल्याबरोबर मुंबईला गेली, मी धाकट्याकडे राहिले. त्याच्याकडे परवाना नव्हता, म्हणून सरकारने मला पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, जप्त मालाच्या कोठडीत, टाकलं. गळ्यात चिठ्ठी, शेजारी चोरीच्या कोयत्या. मी काय गुन्हा केला होता? ते कोणी सांगितलं नाही. बहिणीची खबरही पुन्हा कधी आली नाही.

मग १९३३ साली नाखवांनी पिकाच्या राखणीसाठी परवाना काढला आणि मला सरकारी लिलावात विकत घेतलं. मला वाटलं, सुटले बाई! आता रानवारा खायला मिळणार. कसलं काय! "साहेबाची बंदूक ही, चिखलात न्यायची काय?" असं म्हणून त्यांनी पेटी माजघरात ठेवली. पाहुणे आले की झाकण उघडायचं, "वा वा" ऐकायचं, झाकण बंद. शेजारचा भागोजी कुळवाडी दर वर्षी हात जोडून यायचा. त्याच्या भातात डुकरं पडत. नाखवा म्हणत, "डबे वाजव, पळतील." डबे ऐकून डुकरं पळत आणि घटकेने परत येत.

एका वर्षी नारळी पौर्णिमा झाल्यावर नाखवा गलबत घेऊन मंगळूरकडे गेले होते. त्यांची बायको हफीजाबी हिने पेटी उघडली, तर माझ्या तोंडाशी गंजाचे ठिपके. ती हळहळली. खारी हवा आत शिरू नये म्हणून लोणच्याच्या बरणीला बसवतात तसे तिने खोबरेलात भिजवलेल्या काथ्याचे बोळे दोन्ही नळ्यांत कोंबले. वरून दिसू नयेत म्हणून काठीने पार आत ढकलले. हे सगळं तिने मायेने केलं. पण मित्रांनो, तोंड बुजलेल्या नळीतून बार निघत नाही. नळीच फुटते, आणि सोडणाऱ्याचे हात-डोळे घेऊन जाते. नाखवा घरी परतले तोवर ती हे सांगायचंच विसरली.

भात पिकायला आलं. एका संध्याकाळी भागोजी धावत आला. "नाखवा, मेल्या डुकरांनी अर्धा भात लोळवलानी! आज ऱ्हायला तो बी गेला, तर पोरांच्या तोंडात काय घालू?" त्याचा रडवेला चेहरा बघून नाखवांचं मन द्रवलं. त्यांनी घाईघाईत माझे सुटे भाग जोडले, काडतुसं भरली आणि दोघे शेताकडे निघाले. हफीजाबी तेव्हा विहिरीवर होती.

इतक्या वर्षांनी मी उघड्यावर आले होते, आणि माझा जीव गुदमरत होता. समोर डुकराची मादी, पिल्लं भातात. नाखवांनी दस्ता खांद्याला लावला. भागोजी अगदी त्यांच्या कानाशी उभा. मी आतून ओरडत होते, "नको रे बाबांनो, नको!" बंदुकीला एकच आवाज असतो, आणि तोच मला काढायचा नव्हता.

"अवो, थांबा! नळीत काथ्या हाय!"

हफीजाबी बांधावरून अनवाणी धावत येत होती. रिकामी पेटी बघून तिला काथ्या आठवला होता. डुकरं उधळली ती भात तुडवतच गेली. "खुळी झालीस काय?" नाखवा गरजले. मग त्यांनी मला बिजागरीशी उघडून काडतुसं काढली आणि नळ्या आभाळाकडे धरल्या. पलीकडे काहीच दिसेना. ते बांधावर मटकन बसले.

कापणी झाली. पदरात पडलं ते थोडकंच. तरी भागोजी सूपभर नवे तांदूळ घेऊन हफीजाबीच्या उंबऱ्याशी आला. इकडे पारध झाली की बंदुकीचा वाटा निराळा काढतात.

"अरे, बंदुकीने कुठं काय मारलंन?" नाखवा ओशाळून म्हणाले.

"कुणाला मारलान नाय," भागोजी म्हणाला, "त्याचाच वाटा हाय ह्यो."

हफीजाबी पदरात तोंड खुपसून रडली. नाखवांनी काथ्या काढला, आणि भीतीपोटी पेटीला दुसरं कुलूप लावलं. मी अजून इथेच आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी जपून ठेवलेलं काहीबाही असेल. नुसतं कोंडून ठेवू नका हो. अधूनमधून बाहेर काढा, उजेडाकडे धरा आणि आत डोकावून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही.